लेक नर्सिंग म्हणतेय, घर ‘नीट’ म्हणतंय

सलाम ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात पुन्हा लिहिते, म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर तुम्हाला कळेल. तुम्ही कळव्याला राहता, ठाण्यातल्या एका रुग्णालयात 20 वर्षं स्टाफ नर्स आहात, यजमान तुर्भ्याच्या एमआयडीसीत शिफ्टला जातात. घरात सासूबाई, आठवीतला मुलगा आणि बारावी सायन्सची लेक. तिला नौपाड्यात नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, क्लास लावलाय. क्लासची टेस्ट दर रविवारी सकाळी साडेआठला. आठला तिची शब्बाथशाळेची, म्हणजे चर्चमधल्या बायबलवर्गाची, मुलं, नऊला उपासना. शिवाय बुधवारी घरगुती प्रार्थना, शुक्रवारी तरुण संघ, शनिवारी क्वायरची प्रॅक्टिस. सध्या एक रविवार टेस्ट, एक रविवार चर्च असं चाललंय आणि दोन्हीकडून बोलणी बसतात. यजमान म्हणतात, हे एक वर्ष चर्चचं सगळं बंद. सासूबाई म्हणतात, देवाला सुट्टी देऊन कसली डॉक्टरकी. आणि ऑगस्टमध्ये एका रात्री जेवताना लेकीने सांगून टाकलं की तिला डॉक्टर व्हायचंच नाही, बी.एस्सी. नर्सिंग करायचंय. तुम्ही मला दोन गोष्टी विचारल्यात: चर्च बंद करू का, आणि हे नर्सिंगचं खूळ तिच्या डोक्यातून कसं काढू.

मी 31 वर्षं ठाण्यात ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून बारावीची मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्याशी बोलत बसणं हाच उद्योग. माहेर नगरचं, ख्रिस्ती घरातलं, त्यामुळे घरगुती प्रार्थना साडेआठची म्हणजे सुरू नऊला होते आणि शेवटच्या ‘आमेन’नंतर चहा-पोह्यांत अर्धा तास जातो, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

चर्च बंद करू नका, कमी करा. नर्सिंग डोक्यातून काढायच्या आधी ते खूळ आहे का, एवढं तपासा.

आता तिचा आठवडा. तुम्ही तो इतका नीट लिहून पाठवलाय की मी पेन्सिल घेऊन बेरीजच केली. बुधवारचा दीड तास, संघाचा दीड, क्वायरचे दोन, रविवारी आठ ते अकरा आणि अंगणातल्या गप्पा धरून साडेतीन. झाले साडेआठ. पुढे प्रवास. सकाळी कळव्याहून कॉलेज, साडेबाराला सुटून घरी, चारच्या क्लासला परत ठाण्यात, आठला सुटून पुन्हा कळवा. रोज दोन तास तरी मोडतात, शनिवारी एक. आठवड्याला 11 तास पोरगी कळवा-ठाणे करते. यावरून घरात कोणी आवाज चढवल्याचं पत्रात दिसलं नाही.

तिसरा आकडा तुम्ही यादीत धरलेलाच नाही. पत्राच्या अगदी शेवटी एका ओळीत लिहून गेलात: ‘मी नाईटला असले की स्वयंपाक आणि आजीचं इन्सुलिन तीच बघते.’ ताई, म्हणजे नाईटच्या आठवड्यात रोज दीड-दोन तास आलेच. दहा-बारा तास. चर्चपेक्षा जास्त. मी तुम्हाला दोष देत नाही, तीन शिफ्टमध्ये घर चालवणं काय असतं ते मी बहिणीच्या घरी पाहिलंय. पण ‘चर्चमुळे अभ्यास होत नाही’ हे वाक्य या आकड्यांवर टिकत नाही.

तेव्हा सुरुवात चर्चपासून नको, दुपारपासून करू. कॉलेज सुटल्यावर तिने घरी येऊच नये. डबा न्यावा, ठाण्यातच एखाद्या अभ्यासिकेत किंवा कॉलेजच्या लायब्ररीत साडेतीनपर्यंत बसावं. एक फेरी वाचली, शिवाय कळव्याच्या गर्दीत चढण्याचा शीण वाचला. तुम्ही नाईटला असाल त्या आठवड्यात कुकर आठवीतल्या चिरंजीवांनी लावायचा. आठवीच्या मुलाला डाळ-तांदूळ धुऊन तीन शिट्ट्या मोजता येतात. माझ्या घरात येत होत्या.

आता रविवार. मला गंमत वाटते ती ही की ज्या परीक्षेसाठी क्लासवाले रविवारची सकाळ मागतात, ती परीक्षा सकाळी नसतेच. नीट रविवारी असते हे खरं: 2023 ला 7 मे, 2024 ला 5 मे, 2025 ला 4 मे, तिन्ही रविवार. पण पेपर दुपारी 2 ला सुरू होतो. 2025 ला 2 ते 5, 180 प्रश्न, 720 गुण. मे महिन्यातल्या दुपारी, जेवण झाल्यावर, डोळ्यांवर झापड येत असताना तीन तास फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजी सोडवायची सवय लावायची, तर ती रविवारी दुपारीच लागेल. क्लासमध्ये जाऊन सांगा की प्रश्नपत्रिका आणि ओएमआर शीट उपासनेनंतर घेऊन जाऊ, 2 ते 5 घरी सोडवू, सोमवारी तपासायला देऊ. बहुतेक क्लास एका टेस्टच्या दोन-तीन बॅचेस घेतातच, त्यामुळे हे अगदीच जगावेगळं मागणं नाही. ते म्हणतील, मग रँक लागणार नाही. न लागो. त्या रँकचं लोणचं घालायचंय का?

पण 2 ते 5 म्हणजे 2 ते 5. बेडरूमचं दार बंद, फोन आजीकडे, भावाचा ड्रम बंद. रविवारी तुमच्याकडे पाहुणे येतात असं लिहिलंय. दोन महिने पाहुण्यांना पाचनंतर बोलवा.

चर्चच्या पाच गोष्टींपैकी उपासना ठेवा. बुधवार आणि शुक्रवार मार्चपर्यंत सोडा. उरलं क्वायर आणि शब्बाथशाळा, त्यातलं एक तिने निवडायचं, तुम्ही नाही. माझं मत विचाराल तर शब्बाथशाळा. ती उपासनेला जोडून आहे, वेगळी फेरी नाही. क्वायरचं ओझं शनिवारच्या दोन तासांचं नसतं, डिसेंबरचं असतं. दहा तारखेपासून रोज रात्री कॅरल घेऊन घरोघरी, बारा-साडेबाराला घसा बसवून घरी, आणि नेमक्या त्याच सुमाराला कॉलेजची पूर्वपरीक्षा. एक रात्र जाऊ दे तिला, तुमच्याच विभागातली. बाकी वर्षं पडलीत.

आणि हे पाळकसाहेबांना तुम्ही दोघांनी समोर जाऊन सांगा. निरोप पाठवू नका. आपल्या मंडळीत एखादी मुलगी तीन शुक्रवार दिसली नाही की चौथ्या शुक्रवारी तिच्यासाठी ‘विशेष प्रार्थना’ होते आणि पाचव्या आठवड्यात महिला मंडळात त्याची कारणं ठरलेली असतात. पोरीला ते ऐकावं लागू नये. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे बऱ्याचदा लेंतात, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतच, येते. सासूबाईंना आत्ताच सांगून ठेवा, पेपरच्या दिवशी उपास नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन सात वचनांच्या उपासनेला बसायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू द्या.

आता जास्त अवघड भाग. क्लासच्या टेस्टमध्ये तिला 720 पैकी 260 ते 290 पडतात असं तुम्ही लिहिलंय. 2025 च्या नीटला सुमारे 22 लाख मुलं बसली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या निम्म्याच्या जवळपास खाजगी. खुल्या गटातून महाराष्ट्रातली सरकारी जागा या गुणांच्या कितीतरी वर बंद होते. मेहनतीने मार्क वाढतात, 100 नीसुद्धा वाढलेले मी पाहिलेत. पण वाढवायची इच्छा मुलीची लागते, आणि ती तर जेवणाच्या ताटावर नाही म्हणून मोकळी झालीये.

इथे माझी एक चूक सांगते. साधारण पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती, बायॉलॉजीत पहिली. फिजिक्स मात्र जेमतेम. आईवडील बारावीनंतर दुसरं काही बघत होते, मीच त्यांना बोलावून सांगितलं, एक वर्ष ड्रॉप घ्या, पोरीत आहे. त्यांनी माझं ऐकलं. एकाचे दोन ड्रॉप झाले. दोन वर्षं ती घरात बसून तीच पुस्तकं तिसऱ्यांदा, चौथ्यांदा वाचत होती, आणि बरोबरीच्या मुली कॉलेजच्या ट्रिपचे फोटो दाखवायला यायच्या. शेवटी तिने नर्सिंगलाच प्रवेश घेतला, जे पहिल्याच वर्षी घेता आलं असतं. भेटते, हसून बोलते. त्या दोन वर्षांविषयी ती कधी बोलत नाही, आणि मलाही विचारायचा धीर झालेला नाही. तेव्हापासून ‘पोरीत आहे’ हे वाक्य मी पालकांसमोर उच्चारत नाही.

आता नर्सिंग. तुम्ही स्वतः नर्स आहात, पण तुम्ही जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलंत त्याला 20-22 वर्षं झाली, प्रवेशाचा मामला बराच बदललाय. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिकचं. 2022 पासून त्याची स्वतंत्र सीईटी होते: 100 प्रश्न, 100 गुण, दीड तास. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकी 20. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पात्रतेला बारावीत पीसीबी आणि इंग्रजी मिळून खुल्या गटाला 45 टक्के आणि प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 वर्षं पूर्ण. नीटच्या तयारीत यातला साठ गुणांचा अभ्यास आपोआप होतोच. तिला वेगळं बसायचंय ते इंग्रजी आणि कल चाचणीसाठी.

सरकारी जागा आधी बघा. जे. जे. रुग्णालयाच्या आवारातलं इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन ट्रेनच्या अंतरावर आहे. एसएनडीटी विद्यापीठाचं चर्चगेटचं लीलाबाई ठाकरसी कॉलेजही आहे. तुमच्या घरून नेरूळ, बेलापूर, कामोठे जवळ, तिथे खाजगी कॉलेजं भरपूर. पण त्यातली काही अभिमत, म्हणजे डीम्ड, विद्यापीठांची, त्यांची प्रवेश प्रक्रिया वेगळी आणि फीचा हिशोबही वेगळा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालंय, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर. तुम्ही खुल्या गटात आहात असं लिहिलंय, म्हणजे तुमचा रस्ता ईडब्ल्यूएसचा. अभिमत विद्यापीठात आणि मॅनेजमेंट कोट्यात ही माफी लागू नाही. एजंट हे सांगत नाहीत.

मुलगी जीएनएम का नको, थेट बी.एस्सी. का, असं यजमान विचारतील. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला, नॉरसेटला, बी.एस्सी. झालेली मुलगी थेट बसू शकते. जीएनएमला आधी 50 खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव मागतात. त्या पदाचं मूळ वेतन 44,900. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचं 35,400. पुढे एम.एस्सी. आहे, क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. परदेश म्हणाल तर अमेरिकेला एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा, इंग्लंडला ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, जर्मनीला जर्मन भाषा.

हे सगळं तुम्हाला ठाऊक असेलही. तुमचं दुखणं वेगळं आहे. पत्रातलं ते वाक्य मी खुणेची रेघ मारून ठेवलंय: ‘मी 20 वर्षं बेडपॅन उचलले, तिने उचलू नयेत एवढंच मागणं होतं देवाकडे.’ याला मी काय उत्तर देणार? पायांच्या शिरा तुमच्या सुजल्यात, माझ्या नाही. खाजगीतला पगार तुम्ही जाणता. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने 200 च्या वर खाटा असलेल्या खाजगी रुग्णालयांनी नर्सला राज्य सरकारी नर्सएवढा पगार द्यावा अशी शिफारस केली होती. तिचं काय झालं ते तुमच्या पगाराच्या स्लिपवर दिसत असेल. तेव्हा तिला हेही सांगा. शिरा दाखवा, स्लिप दाखवा. फक्त ‘नको’ म्हणू नका. वीस वर्षांत ज्या रात्री तुम्हाला काम आवडलं त्याही सांगा. अशा रात्री नव्हत्याच असं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग वीस वर्षं कोणी टिकत नाही.

तुमच्या आजीने मिरजेला ट्रेनिंग घेतलं होतं असं तुम्ही ओघात लिहिलंय. मिरजेचं ते मिशन हॉस्पिटल 1894 पासूनचं. त्या काळात परक्याची जखम धुणं, परक्याचं बाळंतपण करणं हे वरच्या म्हणवणाऱ्या घरांतल्या बायकांना विटाळाचं काम होतं, म्हणून ते आपल्या बायकांकडे आलं. त्यांनी त्याचा पेशा केला, त्यावर मुलं शिकवली, घरं बांधली. माझी आत्या त्यातलीच. पण त्याच इतिहासातून ‘सेवा’ हा शब्दही आपल्या मानगुटीवर बसला. सेवा म्हटलं की पगार विचारायचा नाही, सुट्टी मागायची नाही. लेकीला हा शब्द कोणी फार ऐकवत असेल तर तिला शेजारी बसवून पगाराचे आकडे तोंडपाठ करून घ्या.

यजमानांना वाटतं, मे महिन्यातल्या तरुणांच्या शिबिरात कोणीतरी तिचं डोकं फिरवलं. शेवटच्या रात्री शेकोटीजवळ सेवेसाठी हात वर केलेली मुलं मी दर वर्षी पाहते. पाचारण म्हणतात त्याला. त्यातल्या निम्म्यांचं जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत विरतं, हे मी चेष्टेने म्हणत नाही, वयच तसं असतं. म्हणून तर तपासा म्हटलं. आणि तपासणीचं साधन तुमच्या फ्रिजच्या दारात आहे.

पुढच्या वेळी ती आजीला इन्सुलिन देईल तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहा आणि ट्रेनीकडे बघता तसं तिच्याकडे बघा. गढूळ इन्सुलिनची कुपी खळाखळा हलवते, की तळहातांमध्ये धरून हळू फिरवते? मिलीमागे 40 युनिटची कुपी असेल तर सिरिंज लाल टोपणाची घेते का, हे ती न सांगता बघते का? काल डाव्या बाजूला टोचलं तर आज उजवीकडे जाते का? आणि मुख्य म्हणजे, आजी ‘मला आज भूक नाही गं’ म्हणाली तर रोजचा डोस भरून मोकळी होते, की थांबून तुम्हाला वॉर्डात फोन लावते? शुगरचे आकडे कुठे लिहून ठेवते का? ती वही असेल तर चाळा. सलग लिहिलेली असेल, नाईट नसलेल्या आठवड्यांतही असेल, तर शिबिराच्या शेकोटीला दोष देऊ नका. वही नसेल, सगळं अंदाजे चाललं असेल, तर तिला तेही सांगा, आणि दोन महिने ठेवायला लावा. तीच तुमची प्रवेश परीक्षा समजा. बेडपॅनबद्दल बोलायचं तर आजी दोन वर्षांपूर्वी महिनाभर अंथरुणाला खिळल्या होत्या असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा कोण करत होतं? मला पत्रातून कळलं नाही. तुम्हाला माहीत असेल.

यजमानांशी बोलताना नर्सिंग हा शब्द पहिल्यांदा काढू नका. त्यांना सांगा, नीट ती देणार आहे. एकदा, यंदा, नीट तयारी करून, आणि ड्रॉप नाही. त्याला कारण आहे. फिजिओथेरपीला आपल्या राज्यात नीटचेच गुण लागतात, तो दरवाजा उघडा राहतो. आणि लष्कराच्या बी.एस्सी. नर्सिंगचे प्रवेशही नीटच्या गुणांवरच सुरू होतात: देशभरात 220 जागा, फक्त अविवाहित मुलींसाठी, पुढे लेखी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. त्यातली एक संस्था पुण्याचं एएफएमसी हे लष्करी वैद्यकीय महाविद्यालय, एक कुलाब्याचं आयएनएचएस अश्विनी हे नौदलाचं रुग्णालय. शिक्षण लष्कराच्या खर्चाने, बदल्यात सेवेचा करार, आणि पास झाल्यावर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट. ज्या वडिलांना नर्स शब्द चालत नाही त्यांना लेफ्टनंट शब्द चालतो, हे मी दोन-तीन घरांत पाहिलंय. जागा थोड्या आहेत, भरवसा धरू नका. पण क्लासची भरलेली फी वाया जात नाही एवढं तरी त्यांना दिसेल.

वेल्लोरच्या सीएमसीचं, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं, नाव सासूबाईंनी काढलंय. चांगलं नाव आहे. 1900 मध्ये आयडा स्कडर यांनी सुरू केलेली संस्था, नर्सिंगची पदवी तिथे 1946 पासून. तिथे चर्चच्या संस्थांनी पुरस्कृत केलेल्या उमेदवारांची पद्धत आहे, पण ते पत्र पाळकसाहेब घरी बसून देऊ शकत नाहीत, वरच्या मंडळातून यावं लागतं, आणि शिकून झाल्यावर त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी ठराविक काळ काम करायचं असतं. तिकडे जायचं असेल तर चौकशी दिवाळीआधी करा, निकालानंतर नाही.

नर्सिंगवरून तिचं मन उद्या फिरलं तर? फिरू दे. साधी बी.एस्सी. आहे, मानसशास्त्रातलं बी.ए. आहे, समाजकार्याचं बीएसडब्ल्यू आहे. निर्मला निकेतन 1955 पासून ते काम शिकवतंय. ख्रिस्ती अल्पसंख्याक कॉलेजांत आपल्या मुलांसाठी राखीव जागा असतात, फक्त मुदती लवकर संपतात, बोर्डाच्या निकालाच्या आगेमागे.

आणि इथे कागदांचा प्रश्न येतो. या जागांसाठी बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. दर वर्षी एक तरी आई माझ्याकडे रडत येते. गेल्या वेळच्या मुलाचं शाळेच्या दाखल्यावर नाव समीर, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर सॅम्युएल, आधारवर तिसरंच स्पेलिंग. घरात सगळ्यांना ठाऊक की तो एकच मुलगा, पण खिडकीपलीकडच्या माणसाला ठाऊक नसतं. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद, धावपळ, आणि तोवर यादी लागून गेली. तुमच्या लेकीचा बाप्तिस्मा यजमानांच्या गावच्या चर्चमध्ये झालाय असं तुम्ही लिहिलंय. तिथलं रजिस्टर पाळकांच्या कपाटात असतं, आणि नाताळाच्या पंधरवड्यात पाळक कपाटाजवळ सापडत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन या. जाण्याआधी तिचा दहावीचा दाखला आणि आधार समोर ठेवून तिन्ही ठिकाणचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा. अधिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून, ईडब्ल्यूएसचाही तिथूनच. अधिवासाचा अर्ज जानेवारीच्या आत टाका, मेमध्ये तिथली रांग जिन्यावर येते. बाकी दोन दाखल्यांची मुदत आर्थिक वर्षाला बांधलेली असते, ते कधी काढायचे हे तिथेच विचारून घ्या.